फवारणीची विषबाधा आणि भरपाईचा हक्क



कपाशीवर जे विष आपण शिंपडतो त्यास बोलण्यात ‘औषध’ म्हणण्याचा आपला प्रघात आहे. शब्द सौम्य असल्यामुळे वस्तूही सौम्य वाटू लागते. परंतु किडीचा प्राण घेणारा पदार्थ माणसाच्या कातडीवाटे व श्वासावाटे अंगात भिनला म्हणजे काय होते, हे वर्धा नदीच्या पलीकडील आपल्या शेजाऱ्यांनी २०१७ साली पाहिले आहे. फवारणी करताना कोणती खबरदारी घ्यावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय नव्हे. तो कृषी खात्याच्या पत्रकांतून वारंवार सांगितला जातो. खबरदारी घेऊनही किंवा न घेतल्यामुळे माणूस आजारी पडला, अधू झाला अथवा दगावला, तर त्याने किंवा त्याच्या कुटुंबाने भरपाई कोणाकडे, कोणत्या कायद्याने, किती मुदतीत आणि कोणत्या कागदांच्या आधारे मागावी, एवढाच विचार येथे करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक वकील नाही. त्याची हयात महसूल खात्याच्या दप्तरात कारकुनी करण्यात गेली. मात्र खरा हक्क असूनही अर्ज कोठे अडतो, हे दप्तरात बसणाऱ्यास फार जवळून दिसते. आणि तो बहुधा अगदी पहिल्या कागदावर अडलेला असतो.

१. यवतमाळची हकीकत

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी नेहमीपेक्षा उंच व दाट वाढली. ज्या बीटी वाणास गुलाबी बोंडअळी लागत नाही म्हणून आपण पेरीत होतो, त्याच वाणावर ती अळी आली, कारण विषारी बोंडे खाऊनही जगण्याची शक्ती तिच्यात उत्पन्न झाली होती. तेव्हा फवारण्या वाढल्या. दोनतीन निरनिराळी विषे एकाच पंपात मिसळली जाऊ लागली. झाडे माणसाच्या छातीच्या वर गेलेली असल्यामुळे नळी वर धरून फवारावे लागे, आणि ते तुषार फवारणाराच्या तोंडावर व अंगावर परत येत. बॅटरीवरील पंपांनी तुषार अधिक बारीक केले. त्यात दमट उकाडा आणि घामाने भिजलेले अंग.

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल करावे लागले. कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. राज्य सरकारने मृतांच्या वारसांस प्रत्येकी २ लाख रुपये देण्याचे जाहीर केले, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, आणि फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण अशी ती पाच होत. ‘तात्पुरती’ हा शब्द ध्यानात ठेवावा. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमान्वये राज्य सरकारास एखादे कीटकनाशक थोड्या दिवसांपुरतेच थांबविता येते. कायमच्या बंदीचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे.

जे मेले त्यांच्या घरी काही रक्कम गेली. जे वाचले, परंतु पूर्वीसारखे काम करण्यास असमर्थ झाले, त्यांच्या हाती रुग्णालयातून सुटल्याच्या कागदापलीकडे फारसे काही आले नाही. भरपाईचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

२. भरपाई मागण्याचे दरवाजे

पहिला दरवाजा सरकारी अनुदानाचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ सालापासून लागू आहे. त्यापूर्वी हे काम विमा कंपनीमार्फत चालत असे. योजनेच्या अपघातांच्या यादीत जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा स्पष्टपणे नमूद आहे. मृत्यूबद्दल २ लाख, दोन डोळे अथवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, आणि एक डोळा अथवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये असे प्रमाण आहे. १० ते ७५ वर्षे वयाचा वहितीधारक खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील, सातबारावर नाव नसलेली एक व्यक्ती यांस तिचा लाभ मिळतो. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो. आत्महत्येस किंवा तिच्या प्रयत्नास या योजनेत स्थान नाही. भूमिहीन मजूर तर तिच्या कक्षेतच येत नाही. आणि पाठीवर पंप बांधून दिवसभर फवारणारा मनुष्य पुष्कळदा भूमिहीनच असतो.

दुसरा दरवाजा कामगार नुकसानभरपाईचा. हा कायदा केवळ गिरण्या व कारखान्यांकरिता आहे, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा होय. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीत किंवा मळ्यांत कीटकनाशके फवारण्याच्या अथवा धुरळण्याच्या कामावरील माणसाचा स्पष्ट उल्लेख होता; तिसऱ्या अनुसूचीत सेंद्रिय फॉस्फरसच्या संयुगांची विषबाधा हा धंद्यामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हीत सामावला गेला असून, हा विषय आता तिच्या सातव्या प्रकरणात आहे.

या कायद्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. जुन्या कायद्यात मृत्यूबद्दलची रक्कम मासिक मजुरीच्या निम्म्यास वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणून काढीत. ३५ वर्षे वयाचा गुणक १९७.०६ होता. महिन्यास ६,००० रुपये मिळविणारा या वयाचा मजूर मृत्यू पावला, तर ३,००० गुणिले १९७.०६ म्हणजे ५,९१,१८० रुपये होत. म्हणजे २०१७ साली सरकारने जाहीर केलेल्या २ लाखांच्या जवळजवळ तिप्पट. सरकारी रक्कम ही सानुग्रह, म्हणजे कृपेची असते. ही रक्कम हक्काची. कायमचे अपंगत्व आले तर त्याचाही हिशेब या कायद्यात होता, म्हणून वाचलेल्या रुग्णास हा दरवाजा विशेष महत्त्वाचा. अर्जाची मुदत जुन्या कायद्यात दोन वर्षांची होती. विलंब न करिता अर्ज देणे हेच श्रेयस्कर.

तिसरा दरवाजा विष बनविणाराच्या व विकणाराच्या विरुद्धचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने ‘उत्पादन दायित्व’ हे नवे प्रकरण घातले, आणि ते जुलै २०२० पासून अंमलात आले. मालात दोष असल्यामुळे, अथवा त्याचा धोका व वापर यांविषयी पुरेशी सूचना न दिल्यामुळे मनुष्यास आजार, इजा किंवा मृत्यू आला, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. ठराविक परिस्थितीत विक्रेताही. शेतकरी हा ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्यांच्या प्रकरणात मान्य केले आहे. विकत घेणाराच्या संमतीने माल वापरणाराही कायद्याच्या व्याख्येने ग्राहकात मोडतो. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत द्यावी लागते.

या दरवाजास एक अडसर आहे, तोही सांगितला पाहिजे. उत्पादन कामाच्या ठिकाणी वापरण्याकरिता मालकाने घेतले, आणि उत्पादकाने मालकास योग्य सूचना दिल्या होत्या, असे सिद्ध झाले तर सूचना न दिल्याचा आरोप उत्पादकावर टिकत नाही. मालाचा गैरवापर झाल्याचे सिद्ध झाले तर विक्रेत्याविरुद्धचा दावाही ढासळतो. म्हणून बाटलीबरोबर येणारे पत्रक वाचावे, मजुरास वाचून दाखवावे, आणि ते फेकून देऊ नये. ते आपल्या भाषेत होते काय, अक्षर वाचण्याजोगे होते काय, दुकानदाराने दोन विषे मिसळण्याचा सल्ला दिला काय, या गोष्टींचा पुढे खल होतो.

३. भोपाळचा धडा

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्याच कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. १९८५ साली संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पुढे पाच लाखांहून अधिक लोकांचे दावे मान्य झाले, आणि एवढ्या लोकांत वाटल्यावर बहुतेकांच्या वाट्यास अत्यल्प रक्कम आली. अधिक भरपाई मिळावी म्हणून केंद्र सरकारने केलेला शेवटचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळला.

भोपाळात मृत्यू, कायमचे अपंगत्व, तात्पुरते अपंगत्व व किरकोळ इजा असे वर्ग पाडून रकमा ठरल्या, आणि फार मोठा समुदाय शेवटच्या वर्गात गणला गेला. फुप्फुसाचे व डोळ्यांचे दुखणे वर्षानुवर्षे चालते. पण वर्ग पाडणाराच्या पुढे मनुष्य नसतो, त्याच्या नावाची कागदपत्रे असतात. ज्याच्या कागदांत दुखण्याची साखळी दिसत नाही, त्याचे दुखणे किरकोळ ठरते.

भोपाळनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. घातक पदार्थ हाताळताना झालेल्या अपघाताने बाहेरच्या लोकांस इजा झाल्यास पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून, कोणाची चूक हे सिद्ध न करिताही तातडीची मदत मागता येते. परंतु स्वतः कामावर असलेल्या कामगारास तो कायदा लागू नाही. सबब शेतात फवारणाराने त्यावर भिस्त ठेवू नये. त्याचा मार्ग वर सांगितलेल्या दुसऱ्या व तिसऱ्या दरवाजांतून आहे.

४. पहिल्या तीन दिवसांचे कागद

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण म्हणतो. पायरी चढावी की न चढावी, हे पुढे ठरविता येते. पण ती चढण्याचा हक्क राखावयाचा तर तयारी पहिल्या तीन दिवसांतच करावी लागते. ती अशी :

(अ) बाटली. रोग्याबरोबर विषाची बाटली, डबा किंवा पुडा दवाखान्यात न्यावा. ही गोष्ट प्रथम उपचाराकरिता आवश्यक आहे, कारण सर्व विषांस एकच उतारा नाही. मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस सेंद्रिय फॉस्फरस गटातील असून त्यांवर अ‍ॅट्रोपीन देतात. डायफेन्थियुरॉन निराळ्या गटातील आहे. वेष्टनावरील नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत आणि त्रिकोणाचा रंग यांचे छायाचित्र काढून ठेवावे. लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. उरलेले विष दुसऱ्या बाटलीत ओतू नये, व रिकामी बाटली जाळू किंवा पुरू नये. ती पंचनाम्याने पोलिसांच्या ताब्यात द्यावी. अनेक विषे मिसळली असतील तर सर्वांच्या बाटल्या ठेवाव्या.

(आ) पावती. कृषी केंद्राच्या पावतीवर मालाचे नाव व बॅच क्रमांक असलाच पाहिजे. उधारीवर माल घेतला म्हणून पावती सोडून देऊ नये. पावतीविना दुकानदार ‘हा माल माझा नव्हे’ म्हणावयास मोकळा असतो.

(इ) दवाखान्याचा पहिला कागद. ही बाब सर्वांत नाजूक आहे. आपल्या विदर्भात विष पिऊन जीव देणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे विषबाधेचा रोगी येताच तो प्यायलेला असावा, असे गृहीत धरले जाण्याचा संभव असतो. नातेवाईक घाबरलेले असतात; ‘विष गेले’ एवढेच सांगतात; आणि कागदावर ‘विष प्राशन’ असे दोन शब्द पडतात. या दोन शब्दांनी अनुदानाचा अर्ज बाद होतो, आणि मजुराचा दावा लंगडा होतो. म्हणून रोग्याबरोबर जाणाराने स्पष्ट सांगावे की, अमक्या दिवशी, अमक्या वेळी, अमक्या शेतात फवारणी करताना बाधा झाली. आणि तसेच लिहिले गेले की नाही, ते वाचून पाहावे. पोलिसांकडे जाणारी वैद्यकीय नोंद, जिला रुग्णालयात एमएलसी म्हणतात, तीही झाली पाहिजे. पवनारकरांस सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय जवळ आहे; तेवढ्या वाटेतच काय सांगावयाचे ते ठरवून ठेवावे.

(ई) रक्ततपासणी. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषाने रक्तातील कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य घटते. ते किती घटले हे तपासणीने कळते; पण दिवस गेले की द्रव्य पुन्हा भरून येते आणि पुरावा नाहीसा होतो. २०१७ साली यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी होत नव्हती. तपासणी करण्याची विनंती डॉक्टरांस करावी, आणि केलेल्या तपासणीची प्रत मागून घ्यावी.

(उ) मजुरीची नोंद. कोणत्या तारखेस, कोणाच्या शेतात, कोणत्या गट क्रमांकात, किती मजुरीवर काम झाले, हे वहीत लिहिलेले असावे. मजूर रोजंदार असला तरी त्याचा हक्क जात नाही. परंतु तो त्या दिवशी कामावर होता, हे मात्र दाखवावे लागते.

(ऊ) पुढील दुखणे. काही विषांचा परिणाम दोनतीन आठवड्यांनी हातापायांची शक्ती जाणे, मुंग्या येणे अशा रूपाने दिसतो. तेव्हा त्याच रुग्णालयात जाऊन पूर्वीचा कागद दाखवावा, म्हणजे साखळी तुटत नाही. घरगुती उपायांत महिना घालवून मग निराळ्या डॉक्टराकडे गेल्यास दोन दुखण्यांचा संबंध जोडणे कठीण पडते.

(ए) मृत्यू झाल्यास. शवविच्छेदन करविणे दुःखाच्या वेळी नकोसे वाटते, पण त्याविना मृत्यूचे कारण सिद्ध होत नाही. पोलिसांत मर्ग दाखल करावा, पंचनाम्याची प्रत घ्यावी, आणि व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेला काय, अहवाल आला काय, याचा पाठपुरावा करावा.

५. बाझल शहरापर्यंत गेलेली नोंद

या कागदांचे मोल किती, याचे उदाहरण यवतमाळनेच दिले आहे. २०१७ च्या घटनांविषयी यवतमाळ पोलिसांनी केलेल्या नोंदींत ९६ जणांच्या विषबाधेचा संबंध ‘पोलो’ या नावाने विकल्या जाणाऱ्या डायफेन्थियुरॉनशी जोडलेला आढळला. त्यांपैकी दोघे मृत्यू पावले होते. ‘पोलो’ हे सिंजेंटा या कंपनीचे उत्पादन, आणि त्या कंपनीचे मुख्य ठाणे स्वित्झर्लंड देशातील बाझल शहरी. तेथे डायफेन्थियुरॉन २००९ सालीच मंजूर यादीतून काढलेले होते. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित शेतकऱ्यांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या सरकारी तक्रार-कक्षाकडे अर्ज गेला. जून २०२१ मध्ये यवतमाळातील एक वाचलेला शेतकरी आणि दोन मृतांच्या विधवा यांनी बाझल येथे दिवाणी दावा दाखल केला. आपल्या उत्पादनामुळे ही हानी झाली, हे कंपनीने नाकारले आहे. दरम्यान १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉनसह पाच विषांची निर्यात बंद केली.

या दाव्याच्या योग्यायोग्यतेचा निर्णय देणे आपले काम नव्हे. परंतु एक गोष्ट प्रत्येकाने मनात बिंबवावी. ज्यांच्या नोंदीत बाटलीचे नाव होते, त्यांनाच कोणत्या कंपनीकडे बोट दाखवावे हे सांगता आले. शेकडो बाधितांपैकी बाकीच्यांचे विष खोटे नव्हते; त्यांचे नाव व त्यांच्या बाटलीचे नाव एका कागदावर आले नव्हते.

६. शेतमालक आणि मजूर

आता आपल्या मंडळींस थोडे कडू लागेल असे बोलणे भाग आहे. कामगार भरपाईचा कायदा प्रथम बोट दाखवितो ते शेतमालकाकडे. मालक पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी असला, स्वतः कर्जात असला, तरी कायद्याच्या दृष्टीने मालकच. या भीतीने गावात असे घडते की, मजूर आजारी पडताच मालक दोनतीन हजार रुपये त्याच्या हातावर ठेवतो, बाटली नाहीशी करतो, आणि ‘माझ्याकडे कामास नव्हताच’ म्हणतो. मजूरही पुढच्या हंगामाची मजुरी बुडेल म्हणून गप्प बसतो.

हे वागणे अन्यायाचे तर आहेच, परंतु मालकाच्या स्वतःच्या हिताचेही नाही. १९२३ च्या कायद्यात अशी तरतूद होती की, इजेची जबाबदारी वस्तुतः तिसऱ्या कोणावर असेल, तर मजुरास भरपाई देणारा मालक ती रक्कम त्या तिसऱ्याकडून वसूल करू शकतो. तो तिसरा म्हणजे उत्पादक किंवा विक्रेता असू शकेल. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यास मालकासही तीच बाटली आणि तीच पावती लागणार. जो मालक बाटली पुरतो, तो स्वतःचाच साक्षीदार पुरतो. याउलट ज्याने हातमोजे व मुखपट्टी दिली, पत्रक वाचून दाखविले, वहीत मजुरी लिहिली आणि रोग्यास स्वतः दवाखान्यात नेले, त्याची बाजू कोणत्याही न्यायासनापुढे उजळ राहते. मजूर व मालक यांची साक्ष येथे एकच आहे, हे दोघांनीही ओळखावे.

७. उपसंहार

वरील गोष्टींकरिता पैसा लागेल ही धास्ती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, मोठ्या आपत्तीचे बळी आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांस मोफत वकील मिळतो. त्याकरिता जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा लागतो.

प्रत्येक गावच्या सभासदांनी मिळून हंगामापूर्वी तीन कामे करावी, अशी सूचना आहे. एक, फवारणीची सामायिक वही ठेवावी. तीत तारीख, शेत, फवारणाराचे नाव, विषाचे नाव व बॅच क्रमांक लिहावा. दोन, रोग्याबरोबर दवाखान्यात जाण्यास लिहितावाचता येणाऱ्या दोन इसमांची नावे आधीच ठरवावी. तीन, अनुदानाची ३० दिवसांची व दाव्यांची दोन वर्षांची मुदत चावडीवर ठळक अक्षरात लावावी. या तिन्ही कामांस मिळून एका वहीची किंमत व थोडा वेळ एवढाच खर्च आहे. संकट आल्यावर वकील शोधता येतो. परंतु त्या दिवशी न लिहिलेली ओळ मागाहून कोणासही लिहिता येत नाही.